आज आमच्या चुका होत्या

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तिला शेपूट होतं.

शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले होते. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही शिक्षिका सही करायला रांगेत उभ्या होतो. माझ्यापुढे तिसरीवर नव्याने आलेली मुलगी होती. मुलगी म्हणते, पण तिशीला टेकलेली. उंच, हाडकुळी, पायात आवाज न करणाऱ्या चपला. ती सहीसाठी वाकली आणि मला दिसलं की तिच्या कमरेशी, पाठीमागे, हातभर लांब लाल कापडाची पट्टी टाचणीने लावलेली आहे आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय: ‘पूर्वक’.

मोठ्या बाईंनीही पाहिलं. त्यांच्या नजरेतून सांडलेली शाई सुटत नसे, तर शेपूट काय सुटणार?

“हे काय?”

तिने मागे हात नेऊन चाचपलं आणि जीभ चावली. “शेपूट आहे, मोठ्या बाई. काढायचं राहिलं.”

“कुणाचं?”

“काळजीचं. काळजीपूर्वक. आदरालाही तेच लागतं.”

रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. ते कुणीतरी म्हणजे मी.

मी तेव्हा चौथीवर होते. तिचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती, आणि ती छतापर्यंत पोचायच्या आधीच दमली होती. त्यामुळे पलीकडचा शब्दन्‌शब्द मला ऐकू यायचा. सुरुवातीला माझा नाइलाज होता. पुढे पुढे मी माझ्या मुलांना गणितं घालून मुद्दाम फळ्यांशी खुर्ची सरकवू लागले.

कोण काय करतं ते मुलांना पटकन लिहिता येतं. कसं करतं, कितीदा करतं, हे सांगणारे शब्द आले की घोडं अडतं. शांतपणे, काळजीपूर्वक, विशेषतः, अनेकदा. आम्ही बाकीच्या हे शब्द फळ्यावर लिहायचो, मुलं दहादा उतरवून काढायची आणि अकराव्यांदा चुकायची. ‘पणे’ तोडून लांब लिहायची, जणू त्याचं शब्दाशी भांडण झालंय. ‘पूर्वक’ला ऱ्हस्व उकार द्यायची. विसर्गाची दोन टिंबं तर घरी विसरलेल्या छत्रीसारखी कधी हाती लागायचीच नाहीत.

हिने काय केलं, तर शेपट्या शिवल्या. ‘पणे’ची निळी, ‘पूर्वक’ची लाल, ‘दा’ची पिवळी. ‘कन’ची शेपटी बोटभरच, कारण पटकन, चटकन, धाडकन या गोष्टी लवकर संपतात. ‘तः’च्या शेपटीवर एकाखाली एक अशी दोन काळी बटणं टाकलेली. एका मुलाच्या छातीवर ‘शांत’ची पाटी, दुसऱ्याच्या छातीवर ‘विशेष’ची, आणि सगळे आपापलं शेपूट शोधत बाकांमधून पळतायत. “आपलं शेपूट तोडायचं नाही, दुसऱ्याचं लावायचं नाही,” एवढाच काय तो नियम.

तिचं नाव आठवड्याभरात कसंबाई पडलं. त्याला कारण होतं.

“बाई, मी आलो.”

“कसा?”

“चालत.”

“चालत तर कोंबडीही येते. कसा आलास?”

“उशिरा.”

“आता बस. खरं बोललास.”

शिक्षेची तिची तऱ्हाही वेगळीच. रोज अकराच्या तासाला ती पाच शब्द घालायची. ज्याचा एखादा चुकला, त्याने तो दहादा लिहायचा नाही. त्याच्या वहीत ती लाल शाईने लिहायची: ‘जा, बघून ये.’ मग त्याने वर्गाबाहेर जायचं, शाळेतलं एखादं मोठं माणूस काम करताना पाच मिनिटं बघायचं, आणि ते काम कसं करतं ते थोडक्यात लिहून आणायचं. बघितलं तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, आणि शेपूट नीट लावायचं.

त्यातली काही वाक्यं माझ्या अजून लक्षात आहेत. ‘शिपाईमामा घंटा वाजवण्याआधी दोनदा इकडेतिकडे बघतात आणि मग अभिमानाने वाजवतात.’ ‘कारकूनकाका काडीने कान काळजीपूर्वक कोरतात आणि काडी परत खिशात ठेवतात.’ ‘मोठ्या बाई फोनवर नम्रपणे बोलतात. फोन ठेवल्यावर स्वतःशी बोलतात. ते नम्रपणे नसतं.’

अब्रूचं दिवाळं काढायला मुलं पुरेशी असतात, त्यांना दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

मधल्या सुट्टीत आम्ही दोघी पाण्याच्या टाकीमागच्या कट्ट्यावर डबा खायला बसायचो. तिथे तिने मला आपली सगळी हकिकत सांगितली, तीही जणू शेजारणीची सांगतेय अशी. वडील शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आई, वडील आणि ही. लहानपणी ही मशीनखाली बसून गिऱ्हाइकांचे पाय बघायची.

“बाबा म्हणायचे, माप उभ्या माणसाचं घ्यावं, पण कपडा चालत्या माणसाचा शिवावा. गिऱ्हाईक दारातून कसं येतं ते आधी बघ. खांदा पाडून येतं की छाती काढून येतं. ते टेपवर दिसत नाही.”

“म्हणजे तुझं हे कसं-कसं तिथलं होय.”

“तिथलंच. शेपट्यांचं कापडही तिथलंच.”

याआधी दोन शाळांनी तिला वर्षभर ठेवून नारळ दिला होता. एकीने सांगितलं, वर्गात गोंगाट फार. दुसरीने काहीच सांगितलं नाही, नुसतं पत्र दिलं. आता वडिलांची नजर अधू झाली होती. सुईत दोरा ओवायला त्यांना आईला हाक मारावी लागायची. ते लेकीला एवढंच म्हणाले होते, “या खेपेला कायम केलं तर चांगलंच. नाही केलं तर मशीनवर बस. चालतं दुकान बंद करू नये.”

“मग बस की,” मी तिला चिडवलं. “शेपट्या तर झकास शिवतेस.”

“शेपटी म्हणजे सरळ शिवण हो, बाई. मला काज येत नाही. मी काज केलं की ते उंदराने केल्यासारखं दिसतं.” मग डब्याचं झाकण लावत ती हळूच म्हणाली, “आणि मशीनखालून नुसते पायच दिसतात.”

तिला कायम करायचं की नाही हे वर्षाअखेरीस ठरणार होतं. ठरवणार होते शाळेच्या समितीचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर. त्यांची अट मोठ्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी वाचून दाखवली होती: चाळीसपैकी निदान तीस मुलांनी त्यांनी घातलेले दहाच्या दहा शब्द अचूक लिहायला हवेत.

दुसऱ्या सत्रात माझ्या लक्षात आलं की अकराच्या सुमाराला व्हरांड्यात फारच वर्दळ असते. एक नाही, दोन नाहीत, वीस-वीस मुलं शाळाभर पसरलेली. कारकूनकाका माझ्याकडे तक्रार घेऊन आले. “बाई, माणसाने काम करायचं तरी कसं? मान वर केली की खिडकीत तीन डोकी!”

“मान वर करू नका.”

“मग लिहितात ‘मान खाली घालून’!”

मी तिच्या वर्गातल्या वह्या चाळल्या. प्रत्येक वहीत एक पान स्वच्छ, एक पान लाल. जा, बघून ये. जा, बघून ये. अर्धा वर्ग रोज चुकत होता. डॉक्टरांना ही वही दाखवली की संपलंच.

त्याच दुपारी नळावर दोन मुली तावातावाने भांडताना ऐकल्या. एक वेण्यांची, दुसरी वर्गातली सगळ्यात बुटकी, गोल चेहऱ्याची. तिला सगळे वाटाणा म्हणत.

“आज तू कशाला चुकलीस?” वेण्यांची ओरडली. “आज आमच्या चुका होत्या!”

“मी मुद्दाम नाही चुकले, मला खरंच आलं नाही!”

“खरंच न यायला काय झालं? येतं तुला! तुला शिपाईमामांची नवीन घंटा बघायची होती, म्हणून चुकलीस. थांब, उद्या तुमच्या चुका आहेत ना, उद्या मी चुकते का नाही बघ!”

“उद्या चुकलीस तर सगळ्यांना सांगेन!”

मी नळ बंद केला आणि वेण्यांच्या मुलीला विचारलं, “चुका कुणाच्या, हे कोण ठरवतं गं?”

वाटाण्याने नजर माझ्या चपलांवर ठेवली. पण शिपाईमामांना दुसऱ्याच दिवशी झाडताना एक चिठ्ठी सापडली आणि त्यांनी ती आदराने मला आणून दिली. “अभ्यासाचं दिसतंय, बाई.”

चिठ्ठीवर रेघा मारून नेटकं वेळापत्रक केलेलं होतं. एक दिवस खिडकीकडच्या बाकांच्या चुका, दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या बाकांच्या. खाली तळटीप: ‘एकच शब्द चुकवावा. शक्यतः शेवटचा. सगळे चुकवले तर बाईंना संशय येईल.’ आणि ‘शक्यतः’ची दोन टिंबं अशी नीट दिलेली की माझ्या चौथीतल्या मुलांनी बघून शिकावं.

बाहेर जायला मिळावं म्हणून चाळीस मुलं पाळीपाळीने, ठरवून, शिस्तीत चुकत होती.

मी चिठ्ठी कट्ट्यावर तिच्या डब्याशेजारी ठेवली. तिने वाचली आणि हसली. दचकली नाही, तेव्हा मी ओळखलं.

“तुला माहीत आहे!”

“सहामाहीपासून.”

“आणि चालू दिलंस?”

“बाई, मुद्दाम चुकायचं तर बरोबर काय ते आधी पक्कं ठाऊक लागतं. एकाच ठिकाणी चुकायचं, तर बाकीचं सगळंच ठाऊक लागतं. एवढा अभ्यास मी सांगून त्यांनी केला असता का?”

“अगं, पण डॉक्टर दहा दिवसांनी येतायत! त्यांना काय ही चिठ्ठी दाखवणार आहेस? मुलांना सांग सरळ, की त्या दिवशी नीट लिहा, नाहीतर तुमच्या बाई जातील.”

तिने चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाली, “आठ वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर माझी नोकरी ठेवू? एखादा खरंच चुकला तर जन्मभर त्याला वाटत राहील की बाई आपल्यामुळे गेल्या. परीक्षा म्हटल्यावर ती आपणहून नीट लिहितील. परीक्षेत कुणी मुद्दाम चुकत नाही.”

यात तिचं काही चुकलं नव्हतं. चूक झाली ती डॉक्टरांच्या चांगुलपणामुळे.

ते आले त्या दिवशी शेजारच्या वर्गाची म्हणून मलाही हजर राहायला सांगितलं होतं. डॉक्टर गोरटेले, टापटीप, खिशात घडीचा रुमाल. मोठ्या बाई त्यांच्या मागे. कसंबाई फळ्याशेजारी उभी. तिने त्या दिवशी शेपूट लावलं नाही ना, हे मी आधीच पाहून घेतलं होतं. डॉक्टरांनी वर्गावरून नजर फिरवली. चाळीस मुलं ताठ बसलेली. त्यांना वाटलं, घाबरलीत बिचारी. दातांच्या डॉक्टरला समोरचा घाबरलेला बघायची सवयच असते.

“हे बघा बाळांनो,” ते प्रेमाने म्हणाले, “घाबरायचं कारण नाही. ही परीक्षा नाही. रोज लिहिता ना, अगदी तसंच लिहा.”

मी कसंबाईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी खिडकीकडच्यांच्या चुका होत्या.

डॉक्टरांनी दहा शब्द घातले. मुलांनी रोजच्यासारखंच लिहिलं. अगदी तसंच.

कागद तपासताना त्यांनी दोन गठ्ठे केले. एक वीसचा, दुसराही वीसचा. त्यांनी दोन्ही पुन्हा मोजले. “नवल आहे. भिंतीकडच्या सगळ्यांचे दहापैकी दहा. खिडकीकडच्या सगळ्यांचे दहापैकी नऊ. खिडकीतून वारा येतो का काही?” हसायचं कुणी धाडस केलं नाही. मग त्यांनी वह्या मागवल्या, लाल पानं उलटली, आणि त्यांचा चेहरा लांबला. “ही तर रोजची कथा दिसते. वीसच मुलं. अट तिसाची होती, मोठ्या बाई. मला वाईट वाटतं, पण यांना पुढच्या वर्षी ठेवता येणार नाही.”

मोठ्या बाईंनी मान हलवली. कसंबाईने हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला, सरळ रेषेत, जसा घर सोडताना माणूस भांडी पालथी घालतो.

“येतं की आम्हाला!”

वाटाणा उभी राहिली होती. उभी राहूनही बाकाएवढीच.

“काय येतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“सगळं. पण आज आमच्या चुका होत्या.”

भिंतीकडून वेण्यांची मुलगी ओरडली, “गप्प बस ना!” पण आता बूच निघालं होतं. अर्धा वर्ग एकदम बोलू लागला: पाळी, घंटा, शेपूट, बघून ये, काल यांच्या, आज आमच्या, आणि तुम्हीच म्हणालात रोजच्यासारखं लिहा! डॉक्टरांनी हात वर केला. त्यांचा एका अक्षरावर विश्वास बसला नव्हता.

“ठीक आहे. येतं ना? मग आत्ता दाखवा. मी शब्द सांगणार नाही. मनाने लिहा. शेपूट का काय असलेली दोन-दोन वाक्यं. खिडकीकडच्यांनीच. आणि एकही चूक चालणार नाही.”

मुलांनी मनाने लिहायचं म्हणजे काय लिहायचं? त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: समोरच्या मोठ्या माणसाकडे बघ आणि ते कसं करतं ते लिही. समोर डॉक्टर होते. वीस माना वर झाल्या, खाली गेल्या, पुन्हा वर झाल्या.

दहा मिनिटांनी डॉक्टरांनी पहिला कागद घेतला आणि वर्गाला ऐकू जाईल असा वाचला. त्यांना चूक मोठ्याने पकडायची होती.

“‘डॉक्टरांनी चष्मा रुमालाने काळजीपूर्वक पुसला. नंतर त्याच रुमालाने नाक सावकाशपणे पुसलं.’”

त्यांनी रुमालाकडे पाहिलं. कागदात चूक नव्हती. त्यांनी दुसरा घेतला.

“‘मोठ्या बाई आदरपूर्वक मान हलवतात. बहुधा ऐकत नाहीत.’”

“दाखवा बघू,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि म्हणजे त्या खरंच ऐकत नव्हत्या, कारण वाक्य मोठ्याने वाचून झालं होतं.

तिसरा कागद वाटाण्याचा होता. “‘डॉक्टर बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे क्वचित बघतात. मुख्यतः दातांकडे बघतात.’” त्यांनी कागद खाली केला. “मी दातांकडे बघतो?”

“आत्तासुद्धा,” वाटाणा म्हणाली, आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तिचे पुढचे दोन पडलेले होते.

पुढचे कागद त्यांनी मनातच वाचले. त्यांचे कान लाल होत गेले. पण ते माणूस म्हणून सरळ होते. चूक शोधायला आले होते, ती सापडत नव्हती, आणि नसलेली चूक काढणं त्यांना जमणारं नव्हतं. शेवटचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि मग, का कोण जाणे, तो माझ्या हातात दिला. त्यावर होतं: ‘आमच्या बाई शांतपणे उभ्या आहेत. त्यांचे हात शांतपणे उभे नाहीत.’

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला नाही. मुद्दाम वर बघून त्यांनी कसंबाईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “ठेवा यांना. पण बाई, एक अट. बाहेर पाठवायचं तर पटावरच्या क्रमाने पाठवा. चुकायला लावू नका. मला पुन्हा हे गठ्ठे करायचे नाहीत.”

त्यांनी तिथेच सही केली. सही कशी केली ते लिहायला वर्गातली निम्मी मुलं तेव्हाच वाकली होती.

ते स्कूटरवरून गेले तेव्हा त्यांच्या कोटाला मागे लाल शेपूट फडफडत होतं: ‘पूर्वक’. गर्दीत ते कुणी लावलं याची मोठ्या बाईंनी महिनाभर चौकशी केली. मुलांनी शपथेवर सांगितलं की आम्ही नाही, आणि ते खरं होतं. टाचणी माझ्या डबीतली होती.

पुढच्या वर्षी ती चाळीस मुलं माझ्या चौथीत आली आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मी गणित न आलेल्या मुलाशी बोलताना नेहमी खिडकीबाहेर बघते. वीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मी सवय मोडली. अर्थात हळूहळू.

मी निवृत्त होऊनही आता नऊ वर्षं झाली. कसंबाई अजून त्याच शाळेत तिसरीवर आहे. रोज अकरा वाजता पटावरची दोन मुलं क्रमाने बाहेर जातात. नवे कारकून कान घरी कोरून येतात म्हणे. वडील गेल्यावर दुकानाची जागा तिने एका चांभाराला दिली, आणि मशीन मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. शेपट्या ती त्याच्यावरच शिवते. काज तिला अजून येत नाही.